भाकरी चावण्याचा हक्क



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की आम्ही किमान वेतनावर बोलू, किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलू. आम्ही म्हणालो, दातांवर बोलू. त्यांना ती थट्टा वाटली व ते हसले. हसताना त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात आम्हांला दिसले, आणि मग ते का हसले तेही कळले. ज्याच्या तोंडात दात शाबूत आहेत त्याला दातांची आठवण कशाला होईल? ज्याला वेळेवर पगार मिळतो त्याला पगाराची आठवण होत नाही, तसेच हे आहे.

काल याच व्यासपीठावरून एका विद्वान प्राध्यापकांचे भाषण झाले. आम्ही आठवी नापास. चौदाव्या वर्षी इचलकरंजीच्या मागावर उभे राहिलो, आणि पुढे जे वाचले ते रात्रपाळी नसेल त्या रात्री वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. दंतवैद्यकाचा अधिकार आम्हांला नाही. परंतु गेली तीस वर्षे कामगारांची गाऱ्हाणी लिहून घेण्याचे काम आम्ही करीत आहो. गाऱ्हाणे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची सवय त्यातून लागली. आणि त्या तोंडांत दात किती कमी असतात हे लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

आपल्याकडे म्हण आहे : दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. म्हण करणाऱ्याने ही दैवाची गंमत म्हणून सांगितली. चळवळीतल्या माणसाने दैवावर इतका विश्वास ठेवू नये. दात कोणाचे जातात, कशाने जातात, आणि गेल्यावर कोणाला परत मिळतात, याचा हिशेब मांडता येतो. आज तोच मांडायचा आहे.

प्रथम एका माणसाची हकीकत सांगतो. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आमच्याहून आठ-दहा वर्षांनी वडील, जुन्या साध्या मागावरचे कसबी कामगार. मोर्च्यात घोषणा द्यायची ती अण्णांनी. त्यांनी एकदा गळा काढला की पार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत असे. २००९ साली एके दिवशी शेजारच्या मागाचा धोटा उडाला आणि त्यांच्या तोंडावर बसला. ज्यांनी जुना माग पाहिला नसेल त्यांना सांगतो : धोटा म्हणजे टोकाला लोखंडी बोंडे बसविलेला लाकडी तुकडा, तो मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ताण्यातून इकडून तिकडे फेकला जातो. उडाला तर तो दगडासारखा लागतो. अण्णांचे खालचे पुढचे चार दात गेले.

मालक काही राक्षस नव्हता. त्याने दवाखान्याचा खर्च दिला, काढघाल करायची एक प्लेट करून दिली, आणि वर पाच हजार रुपये दिले. आम्ही नुकसानभरपाईचा विषय काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दात गेले म्हणून माग चालवायचा थांबला का? हात शाबूत, पाय शाबूत. मग नुकसान कसलं?"

आम्ही १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा घेऊन बसलो. त्याच्या शेवटी जायबंदी अवयवांची यादी होती. अंगठा गेला तर किती टक्के, तर्जनी गेली तर किती, बोटाचे एक पेर गेले तर किती, पायाची बोटे गेली तर किती, सारे मोजून ठेवलेले. दाताचे नाव त्या यादीत नव्हते. यादीत नसलेल्या दुखापतीलाही भरपाई मागता येत असे. पण तिथे डॉक्टरने लिहून द्यावे लागे की या माणसाची कमाईची शक्ती अमुक टक्के घटली. अण्णांचे हात चालत होते. डॉक्टरने घट लिहिली शून्य. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो जुना कायदा विलीन झाला आहे; पण कमाईच्या शक्तीवर माणूस मोजण्याची रीत काही संपलेली नाही.

आता गंमत पाहा. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३२० होते. जबर दुखापत कशाला म्हणावे हे त्यात सांगितले होते, आणि त्यात हाडाच्या जोडीने दात मोडणे वा निखळणे हेही धरले होते. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ११६ मध्ये, ते तसेच आहे. म्हणजे अण्णांचा दात चौकात कोणी मवाल्याने पाडला असता तर ती जबर दुखापत ठरली असती. तोच दात मागाने पाडला तर नुकसान शून्य! दात एकच, माणूस एकच. फरक एवढाच की फौजदारी कायदा त्याच्याकडे माणूस म्हणून पाहतो आणि भरपाईचा कायदा त्याच्याकडे हात म्हणून पाहतो.

पुढे काय झाले ते सांगतो. प्लेट जेवताना हलत असे, म्हणून अण्णा जेवताना ती काढून सदऱ्याच्या खिशात ठेवीत. भाकरी तोडून खाणारा माणूस ती आमटीत कुस्करून खाऊ लागला. मग भुईमुगाच्या शेंगा गेल्या, ऊस गेला, हरभरा गेला. आणि एका मोर्च्यात, ऐन चौकात, 'झिंदाबाद' म्हणताना ती प्लेट उसळून तोंडाबाहेर आली. शेजारची चार पोरे हसली. त्यांच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसानंतर अण्णा मोर्च्यात मागच्या रांगेत चालू लागले. आम्ही पुढे बोलावले तर म्हणाले, "नको रे. आता नव्या पोरांना दे." नुकसान शून्य असे ज्या डॉक्टरने लिहिले, त्याने हे कोणत्या रकान्यात भरले असते?

मंडळी, दातांचा व्यवहार हा गरीब-श्रीमंतांमधला फार जुना व्यवहार आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाच्या नामांकित शल्यवैद्याच्या काळी अशी एक पद्धत निघाली की गरिबाच्या तोंडातला जिवंत दात उपटायचा आणि तो तिथल्या तिथे श्रीमंताच्या हिरडीत खोचायचा. रोलँडसन या चित्रकाराने १७८७ साली त्यावर व्यंगचित्र काढले. धुराडी साफ करणारे पोर दात उपटून देत आहे आणि शेजारी नटलेली बाई तो बसवून घेण्याची वाट पाहते आहे. दुसऱ्याचा दात त्या हिरडीत फार दिवस टिकत नसे. पण गरिबाचा गेला तो गेलाच. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरच्या हिशेबात १७८४ साली नऊ दातांपोटी कृष्णवर्णीयांना पैसे दिल्याची नोंद आहे. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली. मेलेल्या शिपायांचे दात उपटून कवळ्या करणाऱ्यांना विकले गेले, आणि पुढे कित्येक वर्षे अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' असेच नाव पडले. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या प्रसिद्ध कादंबरीतली फान्तीन आपल्या मुलीसाठी पुढचे दोन दात विकते. कादंबरी कल्पित आहे, बाजार कल्पित नव्हता.

या बाजाराला दुसऱ्या बाजूने उत्तर देणाराही एक माणूस झाला, आणि तो आमच्यातला होता. अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरलेला, वाचनालयात शिकलेला. १९४८ साली तो इंग्लंडचा आरोग्यमंत्री होता आणि ५ जुलैला त्याने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तीत दातही होते. त्या दिवसापासून दंतवैद्यांच्या दारी रांगा लागल्या. वर्षानुवर्षे हिरड्यांनी चावणारी माणसे कवळी मागायला आली. सरकारचा अंदाज चुकला, खर्च वाढला. आणि १९५१ साली, शस्त्रास्त्रांसाठी पैसा हवा म्हणून, कवळ्या आणि चष्मे यांचा निम्मा खर्च रोग्याकडून घ्यायचे ठरले. बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुष्कळांनी त्याला वेडा ठरविले. कवळीसाठी कोणी मंत्रिपद सोडतो? पण त्याने आपल्या गावची तोंडे पाहिली होती. आज निम्मे पैसे घेतले तर उद्या सगळे घेतील, आणि मग दात ही पुन्हा पैसेवाल्याची चीज होईल, हे त्याला स्पष्ट दिसत होते.

आता शास्त्राकडे येऊ, कारण पुढची गोष्ट शास्त्राने केली आहे.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड गावी पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे खेळते ते पाहत होता. पाहण्यासाठी त्याने टिटॅनियम धातूची एक बारीक नळीवजा पेटी हाडात बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती महागडी पेटी काढून पुन्हा वापरावी म्हणून तो ओढू लागला, तर ती निघेना. हाड तिला धरून बसले होते. दुसरा कोणी असता तर वैतागून गेला असता. याने विचार केला : ज्या धातूला हाड परके समजत नाही, त्याचे दाताचे मूळ का करू नये? १९६५ साली योस्ता लार्सन नावाच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात त्याने टिटॅनियमचे चार खुंट बसविले. लार्सन यांना जन्मतःच जबड्याचे व्यंग होते. ते २००६ साली वारले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या खुंटांवर जेवले. तज्ज्ञ मंडळींनी ब्रोनेमार्कची पुष्कळ वर्षे टवाळी केली. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत त्याने आपले पुरावे मांडले तेव्हा कुठे जगाने मान तुकविली. दरम्यान १९७४ साली स्वीडनने दातांचे उपचार राष्ट्रीय विम्यात आणले होते, तेही इथे सांगून ठेवतो.

या खुंटालाच इम्प्लांट म्हणतात. तो म्हणजे टिटॅनियमचा एक स्क्रू. जाडी साधारण चार मिलिमीटर, लांबी साधारण दहा. हिरडी उघडून हाडात भोक पाडायचे आणि तो फिरवून बसवायचा. भोक पाडताना गार खारे पाणी सारखे सोडावे लागते. कारण हाड सत्तेचाळीस अंशांवर मिनिटभर तापले तरी मरू लागते, आणि मेलेले हाड खुंटाला धरत नाही. कातारी काम केलेल्याला हे वेगळे सांगायला नको. मग सहसा तीन ते सहा महिने थांबायचे. तेवढ्या काळात हाड खुंटाला चिकटते. त्यानंतर वर दात बसतात.

इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चार दात गेले म्हणजे चार खुंट लागतात असे नाही. ओढ्यावरच्या पुलाला प्रत्येक फळीखाली खांब नसतो. दोन टोकांना खांब असले की मधल्या फळ्या त्यांवर पेलतात. तसाच हा ब्रिज. अण्णांच्यासारखे खालचे पुढचे चार दात गेले असतील तर बहुधा दोन खुंट पुरतात. दाढांवर भार जास्त. तिथेही तीन दाढांना बहुधा दोन खुंट लागतात. पूर्वीच्या साध्या ब्रिजला खांब म्हणून शेजारचे चांगले दात कानशीने घासल्यासारखे घासावे लागत. आपले नुकसान भरून काढण्यासाठी निरपराध शेजाऱ्याला झिजवायचे, असा तो न्याय. खुंटावरच्या ब्रिजला शेजाऱ्याची गरज नाही, आणि वॉटर्लूच्या मेलेल्या शिपायाचीही नाही. दुसऱ्याच्या तोंडातले काहीही न घेता माणसाला घट्ट बसणारे दात मिळू लागले, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते.

आणखी एक. दात गेला की त्याच्याखालचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. जबड्याचा तो भाग बिनकामाचा झाला असे शरीर समजते आणि त्याची रसद तोडते. बंद पडलेल्या गिरणीची इमारत जशी ढासळते तसे ते होते. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात. समोरचा दात, ज्याला टेकायला कोणी उरले नाही, तो हळूहळू बाहेर येतो. म्हणजे 'एक दाढ गेली तर काय बिघडले' हे म्हणणे खरे नाही. तोंडातही एकाला कमी केले की बाकीच्यांवर बोजा पडतो.

अण्णांच्या बाबतीत हेच झाले. २०१९ साली त्यांच्या मुलाने हट्ट धरून त्यांना एका दंत महाविद्यालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि सांगितले, दहा वर्षांत हाड सुरीच्या पात्यासारखे झाले आहे. आधी हाडाची भर घालावी लागेल, मग खुंट. अपघातानंतर वर्षाच्या आत आला असता तर काम निम्म्या त्रासात झाले असते. खासगीत लाखावर सांगितलेले काम तिथे बरेच कमी पैशांत झाले, तरी ते पैसेही अण्णांच्या घरी नव्हते. मागवाल्यांनी वर्गणी काढली. कोणी शंभर दिले, कोणी पन्नास. वर्षभराने दोन खुंटांवर चार दात बसले.

त्या वर्षीच्या अखेरीस एका द्वारसभेत आम्ही काही न बोलता त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी घोषणा दिली. आवाज पूर्वीइतका नव्हता, वय झाले होते. पण शब्द स्वच्छ आला.

आम्हांला त्या दिवशी आनंद झाला, आणि घरी आल्यावर लाजही वाटली. कामावर गेलेला दात वर्गणीवर बसवावा लागला, हा कसला विजय? वर्गणी एका अण्णांना पुरते. तालुक्यातल्या हजार अण्णांना पुरत नाही. दहा वर्षांपूर्वी तो शून्याचा दाखला आम्ही निमूटपणे फाइलीत लावला होता. तेव्हा दात हा लढ्याचा विषय होऊ शकतो हे आम्हांलाच सुचले नव्हते.

आता आमच्या स्वतःच्या तोंडाविषयी, कारण ते लपविणे बरे नव्हे. आमच्या उजवीकडच्या खालच्या तीन दाढा गेल्या. त्या मागाने पाडल्या नाहीत, मालकाने पाडल्या नाहीत. त्या तंबाखूने आणि साखरेच्या दुखण्याने गेल्या. आमच्या चळवळीत तंबाखूची चिमूट म्हणजे सभासदत्वाची पावती. चुना लावून मळलेली चिमूट ज्याच्या तळहातावर ठेवली तो आपला. असे आम्ही हजारो माणसे जोडली आणि त्यांच्या हिरड्या बिघडविल्या. डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले, "खुंट मी आज बसवीन. पण तंबाखू चालू राहिली आणि साखर अशीच राहिली तर तो सैल होऊन हातात येईल. आधी हे दोन सोडवा, मग माझ्याकडे या." आम्ही मनात रागावलो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त शिकविली त्याला कोणी शिस्त शिकवावी? पण ते बरोबर होते. आठ महिने लागले. तंबाखू सुटली तेव्हा दोन खुंट बसले; आणि पुढे पाच महिन्यांनी त्यांवर तीन दाढा.

पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी खाल्ली. एक विचित्र गोष्ट ध्यानात आली : घास चावला जातो, पण दाढेला कळत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. भाकरीत खडा आला की त्या गादीमुळे आपण झटकन थांबतो. खुंटाला ती गादी नाही. तो रबराचे पॅड न घालता थेट फरशीत बोल्ट केलेल्या यंत्रासारखा असतो. धक्का सरळ हाडाला. म्हणून ब्रिजची उंची डॉक्टरला फार काळजीने जुळवावी लागते, आणि खाणाऱ्यालाही जरा जपून खावे लागते. खुंट किडत नाही, हे खरे. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते आणि हाड झिजू शकते. ब्रिजखाली अन्न अडकते. तिथे बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. लोखंड गंजत नाही म्हणून तेल घालायचे सोडले तर माग चालेल का? नीट निगा ठेवली तर दहा वर्षांनंतरही शंभरात नव्वदाहून अधिक खुंट टिकलेले असतात, आणि हा आकडा चांगला आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण उद्या आपल्यापैकी कोणी या वाटेने जाईल. एका खुंटाला वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि वरच्या दातांचे वेगळे, असे भाव आम्हांला निरनिराळ्या ठिकाणी सांगितले गेले. भाव ऐकून गांगरू नका आणि सवलत ऐकून हुरळू नका. 'एका दिवसात नवे दात' अशा पाट्या लागतात. चार खुंटांवर सगळ्या जबड्याचे दात उभे करण्याची पद्धत खरी आहे. पोर्तुगालच्या पावलो मालो यांनी ती १९९० नंतर रूढ केली. पण त्या दिवशी बसतात ते बहुधा तात्पुरते दात. कायमचे काही महिन्यांनी. आणि प्रत्येक जबडा त्याला योग्य असतोच असे नाही. त्रिमितीय एक्स-रे काढल्यावाचून जो स्क्रू बसवायला निघेल त्याला विचारा, खालच्या जबड्यातून जाणारी नस कुठे आहे. ती दुखावली तर ओठ बधिर होतो. कायद्याप्रमाणे प्रत्येक दंतवैद्याची नोंदणी असते; ती पाहायला संकोच करू नका. आणि खुंट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, ते लिहून घ्या. मागाचे सुटे भाग जसे दुसऱ्या मेकला चालत नाहीत तसेच या स्क्रूंचेही आहे. दहा वर्षांनी एखादा स्क्रू ढिला झाला आणि कागद हाती नसला तर नवा डॉक्टर काय करील?

ज्याला हे परवडत नाही त्याने जास्त व्याजाचे कर्ज काढू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो. चांगली केलेली कवळी ही कमीपणाची गोष्ट नाही. लाखो माणसे तिच्यावर जेवतात. दातांसाठी घरातले सोने गहाण पडले तर घास तोंडात जाईल, पण गोड लागणार नाही.

मग करायचे काय? आम्ही आमच्या संघटनेपुरते ठरविले आहे. पहिले, दात पाडणारे अपघातच थांबले पाहिजेत. आता पुष्कळ ठिकाणी धोट्याविना चालणारे माग आले. पण जिथे धोटा आहे तिथे त्याला अडविणारा गार्ड असलाच पाहिजे. त्या गार्डाची किंमत एका दाताच्या किमतीपेक्षा कमी आहे. दुसरे, यापुढच्या प्रत्येक वेतनकरारात एक ओळ आम्ही घालणार : कामावर गेलेला दात ही दुखापत, आणि तो पुन्हा बसवून देण्याचा खर्च कारखान्याचा. सामुदायिक मेडिक्लेम घ्यायचा तर दातांना वगळणारे कलम वाचूनच सही करायची. बहुतेक पॉलिसींत दात शोभेच्या वस्तूंत जमा असतात. तिसरे, सरकारी दंत महाविद्यालयांतून आणि पालिकेच्या रुग्णालयांतून हे काम खर्चापुरत्या पैशांत व्हावे, अशी मागणी गावोगावच्या संघटनांनी लावून धरावी. टिटॅनियम काही दुर्मिळ नाही. ते ज्यातून निघते त्या इल्मेनाइटची काळी वाळू केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. दात महाग आहेत ते केवळ धातूमुळे नव्हे. त्यात कसब आहे, यंत्रे आहेत, आणि नफाही आहे. कसबाचे मोल द्यायला आम्ही कधीही नाही म्हणणार नाही, कारण आम्ही स्वतः कसबावर जगतो. नफ्याविषयी मात्र वाटाघाटी होऊ शकतात!

चौथी गोष्ट मालकाकडे मागायची नाही, स्वतःकडे मागायची. आमच्या कचेरीत आता तंबाखूची डबी ठेवलेली नाही. भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आहेत. येणाऱ्याच्या हातावर चिमटीऐवजी मूठभर शेंगा ठेवतो. कोणाला त्या फोडता येत नाहीत ते लगेच कळते. मग गाऱ्हाणे लिहिण्याआधी आम्ही त्याच्या दातांची विचारपूस करतो.

परवा अण्णा आले होते. शेंगा फोडीत बसले आणि म्हणाले, "व्याख्यानाला जातोस ते जा, पण लोकांना नुसतं माझं दुखणं सांगत बसू नकोस. पुढच्याला वेळेवर दात मिळेल असं काहीतरी सांग." तसे सांगण्याचा प्रयत्न आम्ही केला. त्यात काही चुकले असल्यास ते आमच्या अपुऱ्या शिक्षणाचे. काही पटले असल्यास उद्या आपापल्या कारखान्यातला करार काढा, आणि त्यात दाताचा शब्द कुठे आहे का ते शोधा.